स्टेपनी हाय का?

सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे टाकून आम्ही डाळजच्या हद्दीत शिरलो आणि पुतण्याच्या नव्या गाडीचं मागचं चाक बसलं. डावीकडे उजनीचं पाणी, उजवीकडे ऊस, आणि थोडं पुढे दोरीला टांगलेला एक जुना टायर. त्या टायरावर चुन्याने ‘पंक्चर’ लिहिलं होतं. दुकानदार कॉम्प्रेसर बंद करून बाहेर आला, खाली वाकून चाक बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, “स्टेपनी हाय का?”

पुतण्या म्हणाला, “नाही. या मॉडेलला येत नाही.” त्याने डिकी उघडून दाखवली. आत मुठीएवढा पंप होता आणि पांढऱ्या द्रावाची एक बाटली. दुकानदाराने ती बाटली हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि परत जागेवर ठेवली. बोलला काहीच नाही.

चाक उतरेपर्यंत मी बाकड्यावर बसून त्या प्रश्नाचाच विचार करत होतो. जुन्या गाड्यांवर काय काय विचित्र वस्तू जडवलेल्या असत, याचं मला फार दिवसांचं वेड आहे. त्यातल्या बऱ्याच वस्तू आज संग्रहालयातसुद्धा शोधाव्या लागतात. पण त्यांची नावं मात्र या रस्त्यावर खुशाल वापरात आहेत, आणि ती वापरणाऱ्याला वस्तू कधी बघायला मिळालेली नसते.

स्टेपनी हे वेल्समधल्या लनेथ्ली गावातल्या एका रस्त्याचं नाव. त्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. तेव्हा मोटारीला जादा चाक नसायचं. चाकं लाकडी आऱ्यांची, आसाला पक्की बसवलेली. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर सोलून ट्यूब काढायची आणि ठिगळ लावून पुन्हा चढवायची. १९०४ मध्ये या भावांनी एक युक्ती काढली. एक नुसती धाव, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी, आरे नसलेली. पण हिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही. त्याच्या शेजारी ही धाव लावायची, पकडींनी आवळायची आणि चालू पडायचं. लंगड्या बैलाला जू सोडवू न देता शेजारी दुसरा धट्टाकट्टा बैल बांधावा, तसला प्रकार. लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. पुढे पूर्ण सुटं होणारं चाक आलं, तशी ही धाव संपली. खुद्द इंग्रज हा शब्द विसरले, ते नुसतं ‘स्पेअर’ म्हणतात. आपण विसरलो नाही. उलट त्याला बढती दिली: बदली खेळाडू स्टेपनी, ऐनवेळी उभा केलेला उमेदवार स्टेपनी, आणि पारावरच्या गप्पांतला एक अर्थ तर इथे लिहिण्यासारखाही नाही.

पुतण्याने बाटली जिच्यातून काढली, त्या डिकीची गोष्टही अशीच. डिकी ही मुळात सामानाची जागा नव्हेच, ते बसायचं आसन होतं. दोन माणसांच्या गाडीच्या पाठीवरचं झाकण मागे उघडायचं आणि त्या झाकणाचीच पाठ टेकायला घ्यायची. वर छप्पर नाही. पुढचे दोघे टपाखाली, आणि डिकीतले धूळ खात, पावसात भिजत. त्या जागेवर कोणाला बसवत असतील, हे मराठी घरात सांगायला नको. आसन गेलं, झाकण उरलं, झाकणाखाली बॅगा आल्या. नाव तेच राहिलं.

हँडल मात्र मी स्वतः मारलेलं आहे. मामाकडे एक जुनी जीप होती. हिवाळ्यात सकाळी बॅटरी हात वर करायची. मग सीटखालचं ते झेडसारखं वाकवलेलं लोखंड काढायचं, बंपरच्या भोकातून आत घालायचं, दात अडकल्याचं हाताला कळलं की खालून वर ओढायचं. मामाने आधी माझा अंगठा सोडवला. “पोरा, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मूठ वळू नको.” इंजिनाने उलट झटका दिला तर हँडल गर्रकन मागे फिरतं, आणि अंगठा पलीकडे असेल तर मनगट जातं. अमेरिकेत असे हात इतके मोडले की चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला, तो हातोहात रुजला. आपल्याकडे अॅम्बॅसॅडरच्या पोटात हँडलचं भोक त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिलं. भरवसा नव्हता, दुसरं काय.

इंडिकेटरच्या आधी गाडीला खरोखरचा हात होता. मॉरिस मायनरच्या दोन दारांमधल्या खांबात एक चीर असे. ड्रायव्हरने बटण फिरवलं की आतल्या तारेच्या गुंडाळीत वीज जाऊन लोखंडी दांडा ओढला जाई आणि चिरेतून नारिंगी रंगाचा वीतभर बाण टक्कन बाहेर येई, पोटात बारीक दिवा घेऊन. सरळ झालं की आत पडायचा. निदान पडायला हवा. धूळ बसली, पाऊस लागला की हात अडकायचा. मग आतून खांबावर बुक्की. या यंत्राची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः बुक्कीच होती.

डाळजच्या उन्हात बसल्यावर आठवावी अशी वस्तू मात्र वेगळी. इंदापूरचा हा भाग पर्जन्यछायेतला. कालव्याचा ऊस कितीही हिरवा दिसला तरी एप्रिलची हवा पापडासारखी कोरडी. अशाच कोरड्या मुलखासाठी, अमेरिकेच्या वाळवंटी राज्यांत, एक पत्र्याचं नळकांडं निघालं होतं. ते डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरच्या पलीकडच्या खिडकीत टांगायचं आणि वरून काच चढवून पक्कं करायचं. आत पाणी आणि तंतूंची गादी. गाडी पळाली की समोरचा वारा नळकांड्याच्या तोंडातून घुसे, ओल्या गादीतून गार होऊन आत येई. काही प्रकारांत गादी वाळली की दोरी ओढून ती पुन्हा पाण्यात बुचकळावी लागे. इंजिनाची ताकद लागत नाही, वीज लागत नाही. गाडी थांबली की गारवाही थांबला, एवढंच. तत्त्व आपल्या वाळ्याच्या ताट्यांचं. मुंबईच्या दमट हवेत हे नळकांडं म्हणजे खिडकीची अडचण. पण पाटस ते टेंभुर्णी या पट्ट्यात ते नक्की चाललं असतं.

आपल्याकडे त्याऐवजी छागल होती. जाड कॅनव्हासची पिशवी, तोंडाला लाकडी बूच, जीपच्या पुढे नाहीतर आरशाच्या दांडीला अडकवलेली. कापडातून पाणी पाझरायचं, वाऱ्यावर उडायचं आणि आतलं गार व्हायचं. नवी छागल पहिले काही दिवस ताडपत्रीच्या वासाचं पाणी पाजायची. ती आधी रात्रभर भिजत घालायची, म्हणजे सूत फुगून वीण घट्ट बसते. रेल्वेच्या डब्याबाहेर लोंबणाऱ्या छागली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. शब्द आला छागावरून. छाग म्हणजे बोकड. मूळची पिशवी त्याच्या कातड्याची.

या रस्त्याचा आणि मोटारींचा एक जुना संबंध आहे, तोही इंदापूर तालुक्यातूनच जातो. तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. इथे त्यांनी साखर काढली. मोटारींसाठी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळू लागल्या. पुढे फियाट आली. पहिल्या फियाट ११०० ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. तिची पुढची दारं कपाटाच्या दुसऱ्या फळीसारखी उलटी उघडत.

याच क्रायस्लरने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांत डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्डप्लेअर बसवून दिला. खास बारीक खाचांच्या तबकड्या, मिनिटाला साधारण पावणेसतरा फेरे. साध्या एलपीच्या वेगाच्या निम्मे. एका बाजूला पाऊण तासापर्यंतचा मजकूर मावे. सुई उडू नये म्हणून तिचा दाब वाढवलेला. तबकड्या फक्त त्या प्लेअरसाठीच्या, निवड थोडी, बिघाड फार. काही वर्षांतच प्रकरण आटोपलं. आमच्या त्या काळच्या सोलापूर रस्त्यावर ती सुई पहिल्या खड्ड्याला कुठल्या गाण्यावरून कुठल्या गाण्यावर गेली असती, देव जाणे.

त्याच अमेरिकन गाड्यांतले कित्येक वायपर इंजिनाच्या शोषणावर चालत. घाट चढताना अॅक्सिलरेटर दाबला की शोषण कमी, म्हणजे वायपर अर्धवट थांबणार. खंडाळ्याच्या पावसात ज्याने हे अनुभवलं असेल, त्याने मध्येच पाय सैल सोडून काच पुसून घेतली असणार.

राजेरजवाड्यांच्या मोटारींची आठवण निघाली की हौसेला अंत राहत नाही. कलकत्त्याच्या एका गोऱ्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास इंग्लंडहून हंसाच्या आकाराची ब्रूक मोटार करून आणली. चोचीतून गरम पाण्याची चिळकांडी उडे, डोळ्यांत दिवे, आणि मागून चुना टाकायची सोय, हंसाने घाण केल्यासारखी! रस्त्यावर गोंधळ उडाला आणि पोलिसांनी तिला घरी बसवलं. ती पुढे नाभाच्या महाराजांकडे गेली, आता हेगच्या संग्रहालयात आहे. मला त्यापेक्षा कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक मोटार जवळची वाटते, कारण ती अजून दसऱ्याला सोनं लुटायला चौकात येते. हौस तिकडेही कमी नव्हती: अमेरिकन गाड्यांना चाकाशेजारी मिशांसारख्या तारा लावत, फुटपाथच्या कडेला घासून आवाज करायला. फुटपाथ असलेल्या गावांची चैन.

मुंबईतली वस्तू वेगळी. कुर्ल्यात बनलेल्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीच्या डाव्या अंगाला, काचेबाहेर, एक लोखंडी डबा असे. वर छोटा दांडा. तो उभा असला म्हणजे टॅक्सी रिकामी. गिऱ्हाईक बसलं की ड्रायव्हर खिडकीतून हात काढून, नाहीतर वळसा घालून, दांडा खाली पाडायचा. खणकन आवाज यायचा आणि आतले दातेरी आकडे चाकांबरोबर फिरू लागायचे. त्यावरून ‘मीटर डाऊन’. गंमत अशी की शेवटी शेवटी मीटरवर एक रुपया दिसे आणि द्यायचे असत त्याच्या कितीतरी पट, कार्डावर बघून. भाडं वाढलं की दाते बदलण्यापेक्षा कार्ड छापणं स्वस्त. २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक मीटरची सक्ती आली. या फियाटचंच पुढचं नाव पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षं भरली तशी ऑक्टोबर २०२३ अखेर तीही उतरली. मुंबईकर रिकाम्या टॅक्सीला आजही विचारतो, “मीटर डाऊन करणार का?” खाली पाडायला तिथे काही उरलेलं नाही.

“खिळा न्हाई, बोल्ट हाय,” दुकानदार म्हणाला. उसाच्या ट्रॉलीचा असावा, बोटभर लांब. त्याने टोच्याने भोक मोठं केलं, रबराची वात आत दाबली, उरलेलं टोक पात्याने कापलं. साबणाचं पाणी मारलं, बुडबुडा आला नाही.

पुतण्याने मोबाइलवर पैसे पाठवले. गाडी सुरू होताना दुकानदार खिडकीशी आला. “दादा, एक जुनी रिम टायरसकट पडलीय माझ्याकडं. तुमच्या नटाला बसंल. न्या डिकीत टाकून.”

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. डिकीत जागाच नव्हती.