लाल-पांढऱ्या खोक्याची बारशी

‘कॅसेट फुंक रे!’ उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरातून दुपारभर हा हुकूम ऐकू यायचा. तासाच्या बोलीवर भाड्याने आणलेलं यंत्र, त्याच्या डोक्यात खोचलेली पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९ इन १’ अशी बेधडक थाप आणि आत तेच ते दहा-बारा गेम. मारियो, कॉन्ट्रा, बदकं मारायचा बंदुकीचा गेम. यंत्राचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. आई नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते बंद कर आधी आणि पानावर बस.’

‘ते’ म्हणजे एका जपानी यंत्राची तैवान-चीनकडून आलेली नक्कल होती, हे कळायला मला पंधरा-वीस वर्षं लागली. मूळ यंत्राचं नाव फॅमिली कॉम्प्युटर. बनवणारी कंपनी क्योटोची निन्टेंडो. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ती काढली ती हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते, बनवायला. त्यांचे पणतू हिरोशी यामाउची १९४९मध्ये गादीवर बसले आणि २००२पर्यंत उठले नाहीत. पत्त्यांवरून कंपनी खेळण्यांकडे वळली, खेळण्यांवरून इलेक्ट्रॉनिक्सकडे. १९८१मध्ये यामाउचींनी मासायुकी उएमुरा या अभियंत्याला काम सांगितलं: घरच्या टीव्हीला जोडता येईल आणि कॅसेट बदलली की गेम बदलेल, असं यंत्र कर. उएमुरा हे पूर्वी शार्प कंपनीत प्रकाशाला प्रतिसाद देणारे सेल विकत. निन्टेंडोच्या खेळण्यातल्या बंदुका त्यातूनच निघाल्या.

यंत्र तयार होत आलं, तसा नावाचा प्रश्न आला. उएमुरांच्या मनात ‘गेमकॉम’ होतं. तोडगा त्यांच्या पत्नीने काढला. पर्सनल कॉम्प्युटरला जपानी माणूस ‘पासोकोन’ म्हणतो. मग हे पर्सनल नाही, घरातल्या सगळ्यांचं आहे, तर ‘फामिकोन’ म्हणा. लांब नावाची टोकं छाटून सुटसुटीत करायची ही हौस आपल्याला नवी नाही. पुलं, गदिमा, वपु ही आपली घरचीच उदाहरणं. फक्त जपानी लोक माणसांपेक्षा यंत्रांवर कात्री जास्त चालवतात. एक अडचण होती. हे नाव शार्पने आधीच नोंदवून ठेवलं होतं, आणि तेही एका ओव्हनसाठी! त्यामुळे खोक्यावर अधिकृतपणे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ छापलं गेलं आणि सगळा देश फॅमिकॉमच म्हणत राहिला. पुढे १९८६मध्ये शार्पनेच निन्टेंडोच्या परवान्याने ‘ट्विन फॅमिकॉम’ काढला, म्हणजे नाव फिरून माहेरी आलं.

१५ जुलै १९८३ रोजी हे लाल-पांढरं खोकं १४,८०० येनला दुकानात आलं. पहिल्या मालात दोष निघाला, चौकोनी रबरी बटणं अडकू लागली, माल परत घ्यावा लागला. पण आतली रचना हुशारीची होती. रिको कंपनीने बनवलेला प्रोसेसर त्या काळीही फार वेगवान नव्हता, आणि कामापुरती स्मृती होती अवघी २ किलोबाइट. १९८५चा ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा आख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसतो. सकाळी सकाळी नात्यातले काका व्हॉट्सअॅपवर जे गुलाबाचं फूल पाठवतात, ते सहसा याहून मोठं असतं. इतक्या तुटपुंज्या जागेत चित्रं बसवायची तर काटकसर आली. मारियोतले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे. रंग तेवढा वेगळा. आम्ही तो गेम शेकडो वेळा खेळलो, कोणाच्या लक्षात आलं नाही.

खरी गंमत अमेरिकेत. १९८३मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या, आणि २०१४मध्ये त्या खणून बाहेरही काढल्या गेल्या. दुकानदारांना ‘व्हिडिओ गेम’ हे शब्दही नको झाले होते. म्हणून १९८५मध्ये न्यूयॉर्कला हे यंत्र आणताना निन्टेंडोने त्याचं दुसरं बारसं केलं: निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम. यंत्र म्हणायचं नाही, ‘कंट्रोल डेक’ म्हणायचं. कॅसेट म्हणायची नाही, ‘गेम पॅक’ म्हणायचा. सोबत एक रोबोट दिला, म्हणजे दुकानदाराला खेळणं वाटेल. आणि नाव बदललं म्हणून रूपही बदललं. खोकं करडं झालं, व्हीसीआरसारखं दिसू लागलं, कॅसेट वरून खोचण्याऐवजी पुढच्या दारातून आत सारून खाली दाबायची झाली. त्या वाकड्या व्यवस्थेत आतल्या पिना लवकर सैल पडत, चित्र लुकलुके, आणि अमेरिकेतली पोरं कॅसेट काढून फुंकत. एका शब्दाच्या भीतीपोटी यंत्रात बिघाड शिरला, असं म्हटलं तर फारसं चूक नाही. फुंकरीने तसं काही होत नाही. उलट तोंडाची वाफ पिना गंजवते. गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. आमची नक्कल वरून खोचायची होती, तरी आम्ही फुंकायचोच.

गेम काढणाऱ्या कंपन्यांच्या नावांच्याही अशाच कहाण्या. सेगा म्हणजे ‘सर्व्हिस गेम्स’ची कात्री. कॅपकॉम म्हणजे ‘कॅप्सूल कॉम्प्युटर्स’. अटारी हा जपानी ‘गो’ या पटावरच्या खेळातला शब्द. पण या कंपनीत गेम लिहिणाऱ्यांचं नाव खोक्यावर येत नसे, म्हणून काही जण बाहेर पडले आणि १९७९मध्ये त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली. नाव असं की इंग्रजी यादीत अटारीच्या आधी यावं. अॅक्टिव्हिजनमधून फुटलेल्यांनी अॅकोलेड काढली, यादीत तिच्याही वर. मग अॅक्लेम आली, त्या दोघींच्याही वर. आपल्याकडे हजेरीपटात आगाशे-आपटे पहिले येतात म्हणून कोणी आडनाव बदललेलं ऐकलं नाही.

निन्टेंडो या कंपन्यांना घट्ट लगाम घालून ठेवी. अमेरिकी यंत्रात कुलपासारखी एक चिप होती. तिची जोडीदार चिप असलेली कॅसेटच चाले, आणि त्या कॅसेटी निन्टेंडोच बनवून देई, पैसे आगाऊ घेऊन. शिवाय एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे. कोनामीने यावर पळवाट शोधली. ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची दुसरी पाटी लावली आणि आणखी गेम काढले. अटारी गेम्सने ‘टेंगेन’ या नावाने कुलूपच फोडलं आणि कोर्टाची पायरी चढली. टेंगेन हाही ‘गो’मधलाच शब्द, पटाचा मध्यबिंदू.

आमच्याकडे यातलं काहीच पोचलं नाही. नकलेत कुलूप नव्हतं, आणि बहुतेक पिवळ्या कॅसेटींमधल्या गेमांच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव पुसलेलं असे. कॉन्ट्रा कोनामीचा आहे, हे मला कधी दिसलंच नाही. रशियात याच यंत्राच्या नकलेला डेंडी म्हणत, पोलंडमध्ये पेगासस. दक्षिण कोरियात ह्युंदाईने मूळ यंत्रच कॉमबॉय म्हणून विकलं. भारतात सामुराई नावाचं खोकंही मिळे. आमच्या गल्लीत ते आलं नाही.

एवढा पूर्वानुभव असूनही पुढे निन्टेंडोचं घोडं नावापाशीच अडलं. २००६चं ‘वी’ आलं तेव्हा नावावर बरेच हसले, कारण इंग्रजीत तो लहान मुलांचा शूचा शब्द आहे. यंत्र मात्र १० कोटींवर खपलं. मग २०१२मध्ये त्याच्या वारसाला नाव दिलं ‘वी यू’. ते नवं यंत्र आहे की जुन्याला जोडायचा पाटीसारखा पडदा, हे अनेक आईबापांना समजलंच नाही. विक्री १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबली. मायक्रोसॉफ्टचा गोंधळ तर विचारू नका. पहिला एक्सबॉक्स, दुसरा एक्सबॉक्स ३६०, तिसरा एक्सबॉक्स वन! त्याचीच वाढीव आवृत्ती वन एक्स, आणि चौथा सिरीज एक्स. पुतण्याच्या वाढदिवसाला हे आणायला गेलेल्या काकाने दुकानात काय मागावं? सोनीने आपलं १ ते ५ मोजलं आणि ती मोकळी झाली. निन्टेंडोनेही अखेर ‘स्विच’ या यंत्राच्या वारसाला साधं ‘स्विच २’ म्हटलं. तो २०२५च्या जूनमध्ये दुकानात आला.

फॅमिकॉमचं उत्पादन जपानात २००३पर्यंत चालू होतं. दुरुस्ती २००७मध्ये बंद झाली, सुटे भाग संपले म्हणून. मूळ फॅमिकॉम उलटा केला तर तळाशी कारखान्याचा क्रमांक दिसतो, ‘एचव्हीसी-००१’. एचव्हीसी म्हणजे होम व्हिडिओ कॉम्प्युटर. दुकानदार, ओव्हनवाले, वकील यांच्यापैकी कोणालाच ते नाव बदलावंसं वाटलं नाही, कारण खोकं उलटं करून बघतो कोण?