स्त्रीबीज संकलनाचे शारीरिक परिणाम

स्त्रीबीज संकलनाचे शारीरिक परिणाम म्हणजे प्रयोगशाळेतील फलनासाठी स्त्रीच्या अंडाशयातून परिपक्व स्त्रीबीजे काढून घेतल्यानंतर तिच्या शरीरात दिसून येणारे बदल व गुंतागुंती होत. आयव्हीएफ किंवा 'टेस्ट ट्यूब बेबी' या नावाने परिचित असलेल्या उपचारातील हा एक टप्पा असून रुग्णालयांत त्याला 'पिकअप' असे म्हटले जाते. प्रत्यक्ष संकलन अर्ध्या तासाच्या आत पूर्ण होते आणि बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी घरी जातात. मात्र अंडाशयांना दिलेल्या उद्दीपनाचा परिणाम संकलनाबरोबर संपत नाही. तो पुढील काही दिवस, आणि गर्भधारणा झाल्यास काही आठवडेही टिकतो. त्यामुळे महत्त्वाच्या तक्रारी बहुधा रुग्णालयात नव्हे, तर घरी परतल्यानंतर सुरू होतात.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बालिकेच्या वेळी अंडाशयाला कोणतेही उद्दीपन दिलेले नव्हते. नैसर्गिक चक्रातील एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बीण घालून काढण्यात आले होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या बालिकेसाठी मात्र संप्रेरकांद्वारे उद्दीपन करून योनीमार्गाने स्त्रीबीजे मिळवण्यात आली होती. मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा बालिकेचा जन्म झाला. पुढील दशकांत ही उपचारपद्धती मोठ्या शासकीय संस्थांपुरती मर्यादित राहिली नाही. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल अशा नवी मुंबई परिसरातील खासगी केंद्रांतही ती उपलब्ध झाली.

संकलनाची पद्धत

नैसर्गिक मासिक चक्रात साधारणपणे एकच स्त्रीबीज परिपक्व होते. उपचारात सुमारे ८ ते १४ दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक पुटिका वाढवल्या जातात. पुटिका म्हणजे स्त्रीबीज धारण करणारी द्रवाने भरलेली लहान पिशवी. पुटिका पुरेशा वाढल्याचे सोनोग्राफीत दिसल्यावर स्त्रीबीजे पक्व होण्यासाठी शेवटचे इंजेक्शन दिले जाते व त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी संकलन होते. भूल किंवा गुंगीचे औषध देऊन, योनीमार्गातील सोनोग्राफीच्या साहाय्याने, योनीच्या भित्तिकेतून एक लांब सुई अंडाशयात नेली जाते आणि प्रत्येक पुटिकेतील द्रव शोषून घेतला जातो.

या पद्धतीत पोटावर छेद नसतो, टाके नसतात. त्यामुळे ही किरकोळ प्रक्रिया आहे असा समज होतो. प्रत्यक्षात बाहेरून न दिसणारी अनेक छिद्रे अंडाशयावर पडलेली असतात. तसेच रिकाम्या झालेल्या पुटिका नाहीशा होत नाहीत. त्यांत रक्त व द्रव साठून त्यांचे पीतपिंडांत रूपांतर होते. हे पीतपिंड संप्रेरके स्रवू लागतात. स्त्रीबीजे काढल्यावर पोट लगेच हलके होईल, अशी अनेकींची अपेक्षा असते. परंतु या कारणामुळे अंडाशय संकलनानंतरही मोठेच राहतात आणि पोट उलट अधिक फुगल्यासारखे वाटू शकते.

सर्वसाधारण परिणाम

पहिल्या एक-दोन दिवसांत पाळीच्या वेळी येतात तशा कळा, ओटीपोटात जडपणा, योनीमार्गातून थोडा रक्तस्राव आणि भुलीमुळे येणारी सुस्ती व मळमळ हे परिणाम नेहमी आढळतात. बद्धकोष्ठताही सामान्य असते. भुलीची व वेदनाशामक औषधे, कमी हालचाल आणि नंतर दिले जाणारे प्रोजेस्टेरॉन ही तिची कारणे होत. या तक्रारी दिवसागणिक कमी होत जाणे अपेक्षित असते.

अनपेक्षित वाटणारे परिणाम

काही परिणाम धोकादायक नसले, तरी त्यांची पूर्वकल्पना नसल्याने घबराट निर्माण करतात.

खांदेदुखी: पोटात साठलेले थोडे रक्त किंवा द्रव श्वासपटलाला लागल्यास वेदना खांद्याच्या टोकाशी जाणवते. श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचत असल्यामुळे असे घडते. वेदना सौम्य असून ओसरत गेल्यास ती निरुपद्रवी असते. मात्र वाढत्या पोटदुखीसह किंवा चक्कर येत असताना ती जाणवल्यास अंतर्गत रक्तस्रावाची शंका घ्यावी लागते.

बसताना किंवा शौचाच्या वेळी दुखणे: मोठे झालेले अंडाशय गर्भाशयाच्या मागील पोकळीत टेकलेले असल्याने दाब पडताच वेदना होते.

गर्भधारणेसारखी लक्षणे: प्रोजेस्टेरॉनमुळे स्तन जड होणे, झोप येणे, पोट फुगणे ही लक्षणे दिसतात. शेवटच्या इंजेक्शनमध्ये एचसीजी हे संप्रेरक असल्यास त्याचा अंश शरीरात सुमारे दहा ते चौदा दिवस राहू शकतो. या काळात घरी केलेली मूत्रचाचणी गर्भ नसतानाही होकारार्थी येऊ शकते.

पाळीतील बदल: भ्रूणरोपण न केल्यास पाळी नेहमीपेक्षा लवकर, बहुधा दोन आठवड्यांच्या आत येते आणि ती अधिक वेदनादायक किंवा अधिक स्रावाची असू शकते.

मनःस्थितीतील चढउतार: उद्दीपनाच्या काळात वाढलेली संप्रेरकांची पातळी नंतर झपाट्याने खाली येते. रडू येणे, चिडचिड व निद्रानाश यांमागे मानसिक ताणाइतकाच हा बदलही कारणीभूत असतो.

अंडाशय अतिउद्दीपन संलक्षण

उद्दीपनाला अंडाशयांनी प्रमाणाबाहेर प्रतिसाद दिल्यास उद्भवणारी ही सर्वांत महत्त्वाची गुंतागुंत आहे. एचसीजीच्या प्रभावाखाली अंडाशयांतून रक्तवाहिन्यांची पारगम्यता वाढवणारे घटक मोठ्या प्रमाणात स्रवतात. परिणामी रक्तातील द्रव केशवाहिन्यांतून झिरपून पोटाच्या आणि काही वेळा फुप्फुसांभोवतीच्या पोकळीत साठतो. यातून वरवर विसंगत वाटणारी स्थिती निर्माण होते: शरीरात पाणी साठून वजन वाढत असते, परंतु रक्तवाहिन्यांत द्रव कमी पडलेला असतो. त्यामुळे तहान लागते, लघवी कमी होते आणि रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

पारंपरिक उपचारपद्धतीत या विकाराचे सौम्य स्वरूप सुमारे एकतृतीयांश चक्रांपर्यंत, तर मध्यम किंवा तीव्र स्वरूप सुमारे ३ ते ८ टक्के चक्रांत आढळते. नव्या पद्धतींमुळे तीव्र स्वरूपाचे प्रमाण घटले आहे. एचसीजीच्या इंजेक्शननंतर आठवडाभरात दिसणारा प्रकार 'लवकर' मानला जातो. दहा किंवा अधिक दिवसांनी दिसणारा 'उशिराचा' प्रकार बहुधा गर्भधारणेशी निगडित असतो, कारण वाढणारा गर्भ स्वतःच एचसीजी निर्माण करतो.

कमी वय, सडपातळ बांधा, पीसीओएस, एएमएच या संप्रेरकाची अधिक पातळी, पुटिकांची मोठी संख्या आणि पूर्वी हा विकार झालेला असणे यांमुळे धोका वाढतो. स्त्रीबीजांची संख्या जितकी अधिक तितके यश मोठे, असा समज रूढ असला, तरी अतिशय मोठी संख्या ही या विकाराची पूर्वसूचनाही असते.

या विकारातील गुठळ्या पायांप्रमाणेच मान व हात यांच्या शिरांतही होऊ शकतात. म्हणून संकलनानंतरच्या आठवड्यांत मान दुखणे किंवा एका हाताला सूज येणे या लक्षणांचा पोटाशी संबंध नाही असे मानणे धोक्याचे ठरते.

अन्य गुंतागुंती

अंडाशयाला पीळ पडणे: आकाराने व वजनाने वाढलेला अंडाशय स्वतःच्या देठाभोवती फिरल्यास त्याचा रक्तपुरवठा तुटतो. एका बाजूला अचानक तीव्र कळ व उलट्या ही त्याची लक्षणे असून अंडाशय वाचवण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

अंतर्गत रक्तस्राव: सुईने टोचलेल्या जागेतून पोटात होणारा मोठा रक्तस्राव विरळा आहे. बाहेर रक्त दिसत नसल्याने चक्कर, नाडीचा वाढलेला वेग व वाढती पोटदुखी यांवरूनच तो ओळखावा लागतो.

जंतुसंसर्ग: हाही विरळा असतो. एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात गाठ असलेल्या स्त्रियांत पू होण्याचा धोका अधिक असतो आणि ताप काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही येऊ शकतो.

तातडीची लक्षणे

नेहमीचा त्रास व गुंतागुंत यांची सुरुवात अनेकदा सारखीच असते. फरक पुढील वाटचालीत दिसतो. कमी होत जाणारा त्रास सहसा चिंतेचा नसतो, तर वाढत जाणाऱ्या त्रासाला तपासणी आवश्यक असते. पोटाचा घेर किंवा वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या, धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर, ताप, मोठा रक्तस्राव आणि हात, पाय किंवा मानेला सूज येणे ही तातडीची लक्षणे होत.

पोट फुगण्याचे कारण गॅस आहे असे समजून ओवा-हिंगासारख्या घरगुती उपायांवर दिवस काढले गेल्यास निदान लांबते. उपचार कुटुंबापासून गुप्त ठेवलेले असल्यास हा विलंब आणखी वाढतो. मुंबईच्या केंद्रात संकलन करून पनवेल किंवा उरणला परतलेल्या स्त्रीला रात्री त्रास सुरू झाल्यास तिला जवळच्या रुग्णालयातच न्यावे लागते. तेथील डॉक्टरांना आधीच्या उपचारांची माहिती नसते. अशा वेळी संकलनाची तारीख, स्त्रीबीजांची संख्या व शेवटच्या इंजेक्शनचे नाव असलेला कागद निदानासाठी निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर शासकीय रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

प्रतिबंध व उपचार

औषधांची मात्रा बेताची ठेवणे, अँटागोनिस्ट पद्धतीचा वापर, शेवटच्या इंजेक्शनमध्ये एचसीजीऐवजी दुसरे औषध देणे, कॅबरगोलिन हे औषध देणे आणि त्या चक्रात रोपण न करता सर्व भ्रूण गोठवून ठेवणे हे प्रतिबंधाचे मुख्य मार्ग आहेत. सौम्य त्रासात तहानेनुसार द्रवपदार्थ, पॅरासिटामॉल व देखरेख पुरेशी असते. आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडावर ताण पडू शकत असल्याने टाळली जातात. अंडाशय मोठे असेपर्यंत धावणे, जड वजन उचलणे व लैंगिक संबंध वर्ज्य सांगितले जातात. तीव्र विकारात रुग्णालयात दाखल करून पोटातील पाणी काढणे व गुठळ्यारोधक औषधे देणे आवश्यक ठरते.

दूरगामी परिणामांविषयीचा समज

संकलनामुळे स्त्रीबीजांचा साठा संपून रजोनिवृत्ती लवकर येते, असा गैरसमज आढळतो. प्रत्येक महिन्यात अनेक पुटिका वाढू लागतात व त्यांतील एक सोडून बाकीच्या नैसर्गिकपणे नष्ट होतात. उद्दीपनामुळे वाचतात त्या याच पुटिका होत. पुढील वर्षांच्या साठ्यातून त्या घेतल्या जात नाहीत.

स्त्रीबीजदान व कायदा

दुसऱ्यासाठी स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीला हेच सर्व धोके पत्करावे लागतात. अपत्याचा लाभ मात्र तिला नसतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईत १७ वर्षांच्या एका मुलीचा स्त्रीबीजदानानंतर दोन दिवसांनी मृत्यू झाला. २०१२ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. दात्या स्त्रीचे वय १८ ते ३५ असावे असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद होते. परंतु त्या सूचनांना कायद्याचे बळ नव्हते.

ही उणीव साहाय्यित जननतंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ या केंद्रीय कायद्याने भरून काढली. तो जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. त्यानुसार दात्या स्त्रीचे वय २३ ते ३५ वर्षे असावे लागते, तिला आयुष्यात एकदाच दान करता येते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक स्त्रीबीजे घेता येत नाहीत. तिची लेखी संमती बंधनकारक असून तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा उतरवण्याची जबाबदारी स्त्रीबीज घेणाऱ्या दांपत्यावर किंवा स्त्रीवर आहे. विम्याची ही मुदत संकलनाच्या दिवसापुरती नसून वर्षभराची आहे. संकलनाचे परिणाम नंतर प्रकट होऊ शकतात, या वैद्यकीय वास्तवाशी ही तरतूद सुसंगत आहे.