औषधाबरोबर येणारे ज्ञान

वाचकहो, दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले असता, हाती बॅग घेतलेला एखादा टापटीप तरुण डॉक्टरांच्या खोलीत शिरताना आपण पुष्कळदा पाहिला असेल. तो औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी. डॉक्टरांनी आपल्या कंपनीची औषधे लिहून द्यावीत यासाठी तो झटतो. परंतु त्याच कंपनीकडून डॉक्टरांना भेटावयास आणखी एक व्यक्ती येत असते; तिची आपणांस सहसा ओळख नसते. तिला ‘मेडिकल सायन्स लिएझन’ म्हणतात. आपण तिला शास्त्रीय संपर्क-अधिकारी म्हणू. ही प्रथा १९६७ साली अमेरिकेतील अपजॉन या कंपनीने सुरू केली, आणि आज ती आपल्या देशातही रूढ झाली आहे.

औषधाची माहिती अपुरी असली तर काय अनर्थ होतो, हे थॅलिडोमाइडच्या कथेवरून कळून येते. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध शांत झोपेसाठी विक्रीस आले. ते अगदी निर्धोक आहे अशी ग्वाही देण्यात आली, व गरोदरपणातील मळमळीवर अनेक स्त्रियांनी ते घेतले. पुढे हातापायांची वाढ खुंटलेली बालके जन्मास येऊ लागली. जगभरात त्यांची संख्या १०,००० च्या वर गेली असे मानतात. अखेर नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत हे औषध बाजारातून काढून घेण्यात आले. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीच्या तगाद्यास न जुमानता, पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी रोखून धरली होती.

कथेचा उत्तरार्ध त्याहून बोधप्रद आहे. कुष्ठरोगात कधी कधी उद्भवणाऱ्या एका अत्यंत वेदनादायक विकारावर हेच औषध गुणकारी ठरते, असे जेरुसलेमचे डॉ. जेकब शेस्किन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९९८ मध्ये त्या उपयोगास, आणि २००६ मध्ये मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. गर्भास ते आजही तितकेच घातक आहे. औषध तेच आहे. पण ते कोणास द्यावे, कोणास मुळीच देऊ नये आणि कोणती दक्षता घ्यावी, याचे ज्ञान आता त्याच्याबरोबर येते. हे ज्ञान डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्यास जे हातभार लावतात, त्यांत या अधिकाऱ्याची गणना होते.

समजा, एखाद्या डॉक्टरांनी त्यास विचारले, “माझ्या रुग्णाची मूत्रपिंडे दुबळी आहेत, हे नवे औषध त्यांना चालेल काय?” अशा वेळी त्याने प्रसिद्ध झालेले अभ्यास धुंडाळावयाचे, तशा रुग्णांचा त्यांत समावेश होता की नाही हे पाहावयाचे, आणि नसल्यास “असा पुरावा उपलब्ध नाही” असे स्पष्ट सांगावयाचे. या उत्तराने औषधाची एक बाटलीही खपणार नाही. परंतु एखाद्या घरातील कर्ता माणूस वाचू शकेल. त्याच्या वेतनाचा विक्रीच्या आकड्याशी संबंध जोडू नये असा दंडक आहे, तो याचसाठी. मान्यता नसलेल्या उपयोगाचा विषयही त्याने आपण होऊन काढावयाचा नसतो. डॉक्टरांनी विचारल्यास मात्र जे ज्ञात आहे ते त्याच्या उणिवांसह मांडावयाचे असते.

अर्थात, हा अधिकारी कंपनीच्या पगारावर असतो, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. म्हणूनच नियमांचा पहारा हवा. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या संहितेनुसार कोणत्याही औषधास बिनशर्त ‘निर्धोक’ म्हणता येत नाही, व त्याचे दुष्परिणाम नाहीतच असेही ठामपणे सांगता येत नाही. १९५७ ची ती ग्वाही आठवली, म्हणजे या नियमाचे मोल पटते.

आपल्या घरातील मुलामुलींना शास्त्राची आवड असेल, तर हा मार्ग त्यांनाही खुला आहे. वैद्यकीय पदवीधर, औषधशास्त्रातील एम. डी., तसेच आपल्याकडे २००८ पासून सुरू झालेला फार्म. डी. अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण या कामी घेतले जातात. बुद्धीबरोबरच “मला ठाऊक नाही, पाहून सांगतो” असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा मात्र अंगी हवा.

आणि वाचकहो, या साखळीतील शेवटचा दुवा आपणच आहात. गरोदरपण, जुने आजार, चालू असलेली औषधे हे सारे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. औषध घेतल्यावर काही विपरीत घडले तर प्रथम डॉक्टरांना कळवावे. शासनाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावरही ते नोंदविता येते. आपण केलेली एक नोंद उद्या दुसऱ्या कोणाच्या घरातील अनर्थ टाळू शकेल.