कॅमेरा कोणता घ्यावा?

हळदीचा पैसा हातीं आला कीं आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील पुष्कळशा घरांत त्याच्या विनियोगाची चर्चा सुरू होते. पूर्वीं ती बैलजोडी, विहीर आणि लग्न या तिहींपाशीं संपत असे. हल्लीं तींत कॅमेराही येऊन बसला आहे, आणि तो केवळ हौसेचा म्हणून नव्हे. लग्नसराईंत फोटो काढून निर्वाह करणारे तरुण आतां औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगांव अशा सर्व तालुक्यांत आढळतात, आणि कॅमेरा हेंच त्यांचें औत होय. आमच्या एकत्र कुटुंबांत पुतण्याच्या मुलानें हा व्यवसाय पत्करण्याचें ठरविलें, तेव्हां कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न ओसरीवर येऊन पडला. रक्कम एकच, आणि तिच्यांतूनच त्याच्या धाकट्या बहिणीची अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी भरावयाची; यास्तव चूक परवडण्यासारखी नव्हती. ज्या घरांत हाच प्रश्न उद्यां उभा राहणार आहे त्यांच्या उपयोगास यावी म्हणून आम्हीं केलेली चौकशी येथें मांडीत आहों.

प्रथम ‘मिररलेस’ म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. जुन्या एस.एल.आर. कॅमेऱ्यांत भिंगाच्या, म्हणजे लेन्सच्या मागें तिरपा बसविलेला एक आरसा असे. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर फेंकी, तेथील लोलकांतून तो डोळ्यापर्यंत पोंचे, आणि कळ दाबतांच आरसा ‘खट्’ करून उचलला जाई. नव्या जातींत तो आरसाच काढून टाकला आहे. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो, आणि सेन्सरनें पाहिलेलें चित्र व्ह्यूफाइंडरमधील इवल्याशा पडद्यावर उमटतें. त्यामुळें फोटो उजळ येणार कीं काळा, हें कळ दाबण्यापूर्वींच दिसतें. पॅनासॉनिकनें २००८ सालीं असा कॅमेरा बाजारांत आणिला, सोनीनें २०१३ सालीं ३६ × २४ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरचा काढला, आणि २०१८ सालीं निकॉन व कॅनन हे जुने मातबर त्याच वाटेनें आले. हा ३६ × २४ चा आकार मात्र नवा नव्हे; १९२५ सालच्या लायका कॅमेऱ्यांत सिनेमाच्या फिल्मवर याच मापाचें चित्र उठत असे.

आमच्यापुढें शेवटीं दोन कॅमेरे राहिले : सोनीचा ए-सेव्हन फोर (२०२१) आणि कॅननचा आर-सिक्स मार्क टू (२०२२). २०२५ च्या अखेरीस दोहोंच्याही पुढील आवृत्त्या निघाल्या; परंतु लग्नाच्या कामास मागील आवृत्ति अपुरी पडते असें आम्हांस वाटत नाहीं, आणि नवी निघाली कीं जुनीचा भाव उतरतो हा तर गृहस्थाचा लाभच. बॅटरी व कार्डासह वजनें अनुक्रमें ६५८ आणि ६७० ग्रॅम. यांत निवड ती काय करावयाची? माहितीपत्रकांत ठळक छापलेला भेद मेगापिक्सेलचा. सोनीचे ३३, कॅननचे २४. मुलगा याच आकड्यावर लुब्ध झाला होता. आम्हीं त्यास कागद-पेन्सिल घ्यावयास सांगितलें. सोनीचें चित्र आडव्या बाजूस ७००८ बिंदूंचें, कॅननचें ६००० बिंदूंचें. म्हणजे लांबींतील फरक अवघा सहाव्या हिश्शाचा. इंचास ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या प्रमाणानें कॅननचें चित्र २० इंच रुंद छापतां येतें, सोनीचें सव्वातेवीस इंचांच्या किंचित् वर. आपल्याकडील लग्नाच्या आल्बमचें उघडलेलें पान बहुधा १२ × ३६ इंचांचें, म्हणजे एक बाजू १८ इंच. ती दोन्ही कॅमेऱ्यांच्या चित्रांत सुखानें सामावते. आल्बमपुरती बोलावयाची तर यापुढील मेगापिक्सेलची चर्चा म्हणजे निव्वळ काकदंतपरीक्षा होय.

तथापि कागदावरील हिशेबानें समाधान होण्यासारखें नव्हतें. एका परिचितानें सोनी व दुसऱ्यानें कॅनन दिवसापुरता दिला, तेव्हां आम्ही दोन्ही घेऊन औंढा नागनाथास गेलों. तेथील यादवकालीन देवळाचा खालचा, काळ्या पाषाणाचा भाग मूर्तींनीं इतका भरला आहे कीं अशा परीक्षेस याहून चांगली जागा जिल्ह्यांत सांपडावयाची नाहीं. वरचा भाग मागाहून बांधलेला व पांढरा. त्यावर दुपारचें ऊन आलें म्हणजे एकाच चौकटींत काळाकुट्ट दगड आणि डोळे दिपविणारा पांढरेपणा. काळ्यांतील तपशील राखावा तर पांढरें जळून जातें, पांढरें राखावें तर मूर्तींचे चेहरे अंधारांत बुडतात. लग्नांतही अडचण हीच असते : नवरदेवाचा पांढरा पोषाख आणि शेजारीं गर्द शालू. ‘रॉ’ पद्धतीनें घेतलेल्या चित्रांतील छाया घरीं येऊन संगणकावर उजळून पाहिल्या, तेव्हां दोन्ही कॅमेरे सारखेच उतरले. मूर्तीच्या कंठ्यांतील मणी पुष्कळ मोठे करून पाहतांना सोनीच्या चित्रांत किंचित् अधिक स्पष्ट होते, एवढेंच. हात हलल्यानें येणारा धूसरपणा टाळण्याची योजना दोहोंत आहे. सोनीची कागदावर साडेपांच टप्प्यांची, कॅननची योग्य भिंगासह आठ टप्प्यांपर्यंतची. अर्ध्या सेकंदाचीं चित्रें हातांत धरून घेतलीं तेव्हां कॅननचीं अधिक स्थिर निघालीं. पण देवळाचे खांब हलत नाहींत, वऱ्हाडी हलतात. आणि त्यांच्या हालण्यास या योजनेचा कांहीं उपाय चालत नाहीं.

खरा भेद मंडपांत कळतो. या कॅमेऱ्यांत पडदा दोन प्रकारचा असतो. एक यंत्राचा, जो खरोखर सरकतो; दुसरा विजेचा, ज्यांत सेन्सरच ओळीमागून ओळ वाचला जातो. विजेच्या पडद्यास आवाज नाहीं, म्हणून मंगलाष्टकांच्या वेळीं तो वापरण्याचा मोह होतो. परंतु सोनीचा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचून होण्यास सुमारें १/१५ सेकंद लागतो. तेवढ्यांत ढोलावरचें टिपरू हलून जातें आणि चित्रांत तें धनुष्यासारखें वांकडें येतें. शिवाय आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर स्वस्त एल.ई.डी. दिवे सेकंदास १०० वेळां लुकलुकतात. डोळ्यास तें जाणवत नाहीं, पण ओळीमागून ओळ वाचणाऱ्या सेन्सरास जाणवतें, आणि नवरीच्या चेहऱ्यावर सहा-सात आडवे काळसर पट्टे उमटतात. कॅननचें वाचन सुमारें चौपट जलद असल्यानें हा दोष तेथें पुष्कळ कमी, तरी अजिबात नाहीं असें नव्हे. मंडपांत यंत्राचाच पडदा वापरावा हें उत्तम. त्यानें सोनी सेकंदास १० आणि कॅनन १२ चित्रें घेतो. विजेच्या पडद्यानें कॅनन ४० घेतो. कोणास अक्षतांचा दाणा अन् दाणा मोजावयाचा असल्यास उपयोग होईल.

हल्लीं व्हिडिओची मागणी फोटोहून कमी नाहीं. सेकंदास ६० चौकटींचें ‘फोर-के’ चित्रण करतांना सोनी सेन्सरचा केवळ मधला भाग वापरतो. परिणामीं २४ मिलिमीटरचें भिंग ३६ सारखें वागतें. कॅनन पूर्ण रुंदी देतो. खेड्यांतील घर, दहा बाय बाराची खोली, तींत हळद लावणाऱ्या पंधरा सुवासिनी : तेथें मागें सरकावयास जागा नसते, आणि ही दीडपट चित्रकारास भिंतीशीं नेऊन खिळविते.

इतकें सर्व सांगूनही आमचें मत असें आहे कीं बॉडीची चर्चा आपण करितों तिच्या दुप्पट भिंगाची करावयास पाहिजे. भिंगावर एफ २.८, एफ ५.६ असे आकडे असतात. तो आकडा म्हणजे भिंगाच्या नाभ्यंतरास त्याच्या छिद्राच्या व्यासानें भागून आलेला भागाकार. आकडा दुप्पट झाला कीं छिद्राचा व्यास निम्मा, क्षेत्र चतुर्थांश, आणि आंत येणारा प्रकाशही चतुर्थांश. सोनीबरोबर मिळणारें २८-७० चें स्वस्त भिंग लांबच्या टोकास ५.६ वर येतें. कॅननचें २४-१०५ चें स्वस्त भिंग तर ७.१ वर. एफ २.८ च्या भिंगाशीं ताडून पाहतां पहिल्यांतून चौथा हिस्सा, दुसऱ्यांतून सहाव्या हिश्शाहूनही कमी प्रकाश येतो. या दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरांत एवढें अंतर शोधूनही सांपडणार नाहीं. सारा पैसा बॉडींत घालून वर स्वस्त भिंग चढविणें म्हणजे आमच्या दृष्टीनें बैल सोडून त्याची झूल विकत घेणें होय.

भिंगांच्या बाबतींत दोन घराण्यांची रीत निराळी आहे. सोनीच्या तोंडाचीं पूर्ण आकाराचीं भिंगें सिग्मा, टॅमरॉन हेही करितात. टॅमरॉनचें २८-७५ एफ २.८ हें २०१८ सालीं निघालें व लग्नवाल्यांत फार चाललें. कॅनननें आपल्या नव्या तोंडासाठीं अशी मोकळीक दीर्घकाळ दिली नाहीं. २०२४ सालीं सिग्मा व टॅमरॉन यांचीं भिंगें आलीं तीं लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरतीं. मात्र त्याच वर्षीं कॅनननें स्वतःचें २८-७० एफ २.८ हें तुलनेनें माफक किमतीचें भिंग काढलें. एकंदरींत ज्याच्या घरीं कांहींच नाहीं, त्यास सोनीकडे निवड अधिक. उलट ज्याच्यापाशीं कॅननचीं जुनीं ई.एफ. भिंगें आहेत त्याचा हिशेब पालटतो. जुन्या कॅननांत भिंगाचें तोंड व सेन्सर यांमध्यें, आरशास जागा हवी म्हणून, ४४ मिलिमीटर अंतर असे. नव्यांत तें २० आहे. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारें एक पोकळ कडें बसविलें कीं जुनें भिंग नव्या बॉडीवर आपोआप नेम धरूं लागतें. कड्यांत कांच नसल्यामुळें चित्रांतही बिघाड येत नाहीं.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनास गेले, तेव्हां ते प्रथम ‘बायोस्कोप’ पत्राच्या संपादकांस भेटले, आणि त्यांचा सल्ला घेऊन मग त्यांनीं विल्यमसन कॅमेरा घेतला. आजच्या ग्राहकानेंही दुकानांत जाण्यापूर्वीं तो कॅमेरा नित्य वापरणाऱ्यास गांठावें. पावतीवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा व भारतांतील हमी आहे कीं नाहीं तें पाहावें. दोन्ही कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय आहे. प्रत्येक चित्र दोहोंवर एकदम उतरेल अशी योजना करावी, कारण सप्तपदी दुसऱ्यांदा घेतां येत नाहीं. हळदीच्या हंगामांत बाजाराकडे कॅमेरा नेल्यास भिंग बदलतांना बॉडीचें तोंड खालीं धरावें.

घरांत बोलणें निघालें तेव्हां आमच्या वहिनींनीं एवढेंच विचारिलें, “भावजी, या दोहोंतला कोणता पहिल्याच सालीं आपली किंमत फेडील?” माहितीपत्रकांत या प्रश्नास रकाना नव्हता. मुलाच्या मामांनीं नांदेडचा आपला स्टुडिओ बंद करतांना दोन ई.एफ. भिंगें, ७०-२०० एफ २.८ आणि ५० एफ १.८, जपून ठेविलीं होतीं. तीं त्यांनीं भाच्याच्या स्वाधीन केलीं. त्यानंतर फार वाद उरला नाहीं. कॅननची नुसती बॉडी, तें कडें, २८-७० चें एक नवें भिंग, दोन कार्डें व एक जादा बॅटरी एवढें घेतलें, आणि मुलीच्या फीची रक्कम खात्यांत शाबूत राहिली. मुलास सोनी अधिक आवडला होता आणि अजूनही आवडतो. औंढ्याच्या मूर्तींचीं मोठीं चित्रें घ्यावयाचीं झालीं कीं तो परिचिताकडून मागून नेतो. तुळशीच्या लग्नानंतरचीं तीन कामें ठरलीं आहेत. पहिलें सेनगांव तालुक्यांतील आहे, आणि त्यांचा मांडव दारांतच पडणार असल्यानें जागेची चौकशी करण्यास तो येत्या रविवारीं जाणार आहे.