हैदराबादेत कारागीर शोधताना

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारच्या गावातील फुलबागायतदारांच्या एका लहानशा सहकारी संस्थेवर जो प्रसंग ओढवला, त्याची हकीकत आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या कानी गेली असेलच. जास्वंदीच्या कळ्या, सोनचाफा आणि दूर्वा यांची मागणी मुंबईच्या गिऱ्हाइकांनी थेट मोबाईलवरून नोंदवावी आणि दलालीत जाणारा पैसा बागायतदाराच्याच घरी राहावा, या सद्हेतूने संस्थेने एक वेबसाइट करवून घेतली होती. सकाळी नऊच्या सुमारास ती मंदावली, साडेनऊला बंद पडली. आणि दुपारी पुन्हा चालू झाली तेव्हा असे दिसून आले की, कित्येकांचे पैसे दोनदा कापले गेले आहेत आणि कित्येकांचे पैसे जमा होऊनही त्यांची मागणी मात्र कोठेच नोंदलेली नाही. खुडून आणलेल्या कळ्या दुसऱ्या सकाळी टोपल्यांतच उमलल्या आणि मातीमोल झाल्या.

याहून मोठी गोष्ट पुढेच कळली. वेबसाइटचे आतील काम करणारा हैदराबादचा तरुण, जो एका पुरवठादार कंपनीमार्फत नेमला होता, तो महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. सर्व्हरचे खाते त्या कंपनीच्या नावावर, पासवर्ड कोणापाशी याचा पत्ता नाही, आणि त्याच्या जागी आलेल्या मुलास आत काय आहे हे ठाऊक नाही! संस्थेचे चिटणीस आमच्याकडे येऊन म्हणाले, "फादर, आता दुसरा माणूस नेमायचा तर काय पाहून नेमायचा?"

सेमिनरीत आम्हांस लॅटिन शिकविले गेले, तत्त्वज्ञान शिकविले गेले. हे कोणी शिकविले नाही. परंतु दिवाळीनंतर अन्य कामानिमित्त हैदराबादेस जाण्याचा योग आला, आणि आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा तेथे गच्चीबावली भागात गेली नऊ वर्षे हेच काम करीत असल्यामुळे, त्याच्या व त्याच्या मित्रांच्या संगतीत दोन संध्याकाळी बसून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम 'बॅकएंड' या शब्दाविषयी. वाचकांनी लग्नघरची पंगत डोळ्यांपुढे आणावी. पाहुण्यास दिसतो तो मांडव, पान आणि वाढपी. वेबसाइटवरील चित्रे, बटणे, रंग ही सारी वाढप्याची बाजू. तीस फ्रंटएंड म्हणतात. कनातीमागे मात्र चुली पेटलेल्या असतात, कोठीतून तांदूळ-तेल मोजून निघत असते, कोणत्या पंगतीस किती गेले याचा हिशेब चालू असतो. ते बॅकएंड. तो सांभाळणारा आचारी म्हणजे बॅकएंड डेव्हलपर. पाहुणा त्यास कधी पाहत नाही. भात कच्चा राहिला म्हणजेच त्याची आठवण होते!

दोनशे पानांचा बेत केला आणि दोन हजार माणसे आली तर काय करावे? एक उपाय मोठे पातेले आणण्याचा. परंतु पातेल्यासही मर्यादा असते. दुसरा उपाय चुली वाढविण्याचा आणि आलेली मागणी कोणत्या चुलीकडे धाडावी हे सांगणारा एक जाणता माणूस दाराशी बसविण्याचा. येथवर सोपे आहे. अडते ते कोठीपाशी. चुली दहा झाल्या तरी कोठी एकच आणि तिची वहीही एकच. दहा आचारी एकदम तेल मागू लागले म्हणजे कोठीवाल्यापुढे रांग लागते; रांग टाळावी म्हणून दोघांस एकाच वेळी आत सोडले, तर शेवटचा डबा दोघांच्याही नावे लिहिला जातो. संगणकाच्या जगात ही कोठी म्हणजे डेटाबेस. आमच्या बागायतदारांची वेबसाइट त्या सकाळी बंद पडली ती कोठीपाशीच.

ही अडचण आगगाडीच्या आरक्षणात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसत असेल. आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान हैदराबादच्या जुळ्या शहरात, सिकंदराबादेत लिहिले गेले आहे. जाडजूड वह्यांत नावे लिहिण्याची पद्धत बदलून संगणकावर आरक्षण करण्याची सुरुवात १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत झाली. ती प्रणाली सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीने तयार केली होती. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास येथेही संगणक बसले. पण प्रत्येक केंद्राची कोठी निराळी. मग रेल्वेच्या क्रिस या संस्थेने, जी १९८६ साली स्थापन झाली, कॉन्सर्ट नावाची नवी प्रणाली तयार केली, आणि ती प्रथम चालू झाली सिकंदराबादेत, १९९४ साली. १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली आणि देशातील कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. ३ ऑगस्ट २००२ रोजी घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली, तेव्हा पहिल्या दिवशी तीस तिकिटेदेखील खपली नाहीत. आज आरक्षित तिकिटांपैकी दहांत आठांहून अधिक अशीच निघतात. २०१४ साली नवी व्यवस्था आली तेव्हा मिनिटास २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे काढण्याची क्षमता झाली; आणि २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. सकाळी दहाच्या ठोक्यास तत्काळसाठी बोट टेकवून बसलेल्या आणि रागावलेल्या वाचकांस ही स्तुती कदाचित रुचणार नाही. पण एकच बर्थ दोघांस विकला जाऊ नये, एवढ्यासाठी त्या भिंतीआड काय काय करावे लागत असेल, याचा विचार आम्हीही हैदराबादेस जाईपर्यंत केला नव्हता.

आता हे कारागीर हैदराबादेतच इतके का, असे कोणी विचारील. माधापूरची सायबर टॉवर्स ही इमारत १९९८ साली उघडली. मायक्रोसॉफ्टने आपले विकासकेंद्र त्याच वर्षी तेथे आणले. अॅमेझॉनची अवाढव्य इमारत २०१९ साली उभी राहिली. आणि भाड्याने सर्व्हर देणारे तिचे क्लाउड केंद्र २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे सुरू झाले. जालना, परभणी, नांदेड येथील मुले देवगिरी एक्स्प्रेसने तेथे पोहोचतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ही वाट जुनीच म्हणावयाची.

त्यांपैकी पुष्कळजण प्रथम अमीरपेटेत उतरतात. मैत्रीवनमच्या आसपास शिकवण्यांच्या पाट्यांवर पाट्या चढलेल्या आहेत. एकाच जिन्याने चढावे तर प्रत्येक मजल्यावर निराळी विद्या! दोन-तीन महिन्यांची फी भरून, लहानशा होस्टेलात चौघे मिळून राहून, बापाचे कर्ज डोक्यावर घेऊन ही मुले शिकतात. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच वाटतो. परंतु या धंद्यात, हैदराबादेत व इतर शहरांतही, अनुभवाचे खोटे दाखले मिळतात, आणि व्हिडिओवरील मुलाखतीस एकाने बसावे व कामावर दुसऱ्याने यावे असेही प्रकार घडतात, हे आम्हांस तेथील मुलांनीच खेदाने सांगितले. यास्तव पहिला नियम असा की, जो प्रत्यक्ष काम करणार त्यासच भेटावे, आणि शक्य तर समोरासमोर.

पुरवठादारांच्या जाहिरातींत 'डेडिकेटेड डेव्हलपर' असे लिहिलेले असते. आमच्या परिभाषेत समर्पित म्हणजे व्रतस्थ, त्यामुळे हा शब्द वाचून आम्हांस प्रथम हसू आले. येथे अर्थ इतकाच की, तो माणूस पूर्णवेळ तुमचेच काम करील. पगार त्यास कंपनी देईल आणि तुम्ही कंपनीस दरमहा रक्कम द्याल. व्यवस्था वाईट नाही. पण त्याची निष्ठा तुमच्याकडे की पगार देणाऱ्याकडे, हा प्रश्न कागदावर सोडविल्याखेरीज सही करू नये. तो सोडून गेल्यास दुसरा येण्यापूर्वी दोघांनी निदान दोन आठवडे बरोबर काम करावे, ही अट आमच्या बागायतदारांनी घातली असती तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

मुलाखतीत काय विचारावे? त्यास किती भाषा येतात याची यादी ऐकून आपल्यासारख्यांस काहीच कळत नाही; आणि हल्ली कोड लिहून देणारी यंत्रेही सर्वांच्या हाती आलेली आहेत. आपल्या धंद्यातील अडचणच त्याच्यापुढे ठेवावी. शेवटची टोपली दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी मागितली तर ती कोणास जाईल, आणि दुसऱ्यास काय दिसेल? गिऱ्हाइकाचे पैसे बँकेतून गेले, पण तसा निरोप येण्यापूर्वीच नेट तुटले; गिऱ्हाईक घाबरून पुन्हा बटण दाबते; आता काय? ज्यास हे काम खरोखर येते तो सांगेल की, पैसे मागण्यापूर्वीच प्रत्येक मागणीस एक क्रमांक द्यावयाचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे पुन्हा घ्यावयाचे नाहीत. युक्ती आपल्या पावतीपुस्तकाएवढी साधी आहे. ती नव्हती म्हणूनच त्या दिवशी पैसे दोनदा कापले गेले.

तिसरा प्रश्न बॅकअपचा. "बॅकअप घेता का?" असे विचारले तर सर्वच होय म्हणतात. "घेतलेला बॅकअप परत चढवून शेवटी केव्हा पाहिला?" असे विचारावे. या प्रश्नावर आमच्या धर्मग्रामातील तो मुलगा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "फादर, हा प्रश्न आमच्याकडे वरिष्ठांनाही अवघड जातो."

आणि जो उमेदवार स्वतःहून एक प्रश्न विचारतो त्यास आम्ही अधिक गुण देऊ. तुमच्या वर्षातील सर्वांत गर्दीचे मिनिट कोणते? आमच्या संस्थेचे नऊशे गिऱ्हाईक. चतुर्थीच्या सकाळी त्यांतील तीनशे दहा मिनिटांत आले, तरी मिनिटास तीसच झाले. रेल्वेचा आकडा वर दिलाच आहे. मिनिटास तीस मागण्यांसाठी एक साधा सर्व्हर आणि नीट बांधलेली एक कोठी पुरेशी असते. पण पहिल्या कारागिराने मोठ्या कंपन्यांच्या धर्तीवर एका कामाचे अकरा तुकडे केले होते, आणि ते अकराही एकमेकांची वाट पाहत थांबले. त्यास आम्ही फार दोष देणार नाही. तरुण माणसास नवे हत्यार चालवून पाहावेसे वाटते, आणि पुढच्या नोकरीच्या अर्जात तीच हत्यारे लिहावयाची असतात. पण त्याचे बिल आमच्या बागायतदारांनी भरले.

कागदपत्रांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगणे आवश्यक आहे, कारण येथे भल्याभल्यांची समजूत चुकीची असते. पैसे मोजले म्हणजे कोड आपला झाला, असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, उलट करार नसल्यास, मालकाचे ठरते. परंतु कंत्राटाने करवून घेतलेल्या कामाचा हक्क लेखी हस्तांतर केल्याशिवाय सामान्यतः तुमच्याकडे येत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. हे एक वाक्य वकिलाकडून लिहवून घ्यावे. वेबसाइटचे नाव, क्लाउडचे खाते व पैसे स्वीकारण्याचे खाते ही तिन्ही संस्थेच्याच नावावर असावीत.

राहिली गोष्ट त्या माणसाची. ज्या कुटुंबांची मुले या कामात आहेत, त्यांस रात्री दोनला वाजणारा फोन परिचित असेल. यंत्र बिघडले की ते फोनवर आरोळी देते, आणि ज्याची पाळी असेल त्याने उठावयाचे. मोठ्या ठिकाणी पाळ्या लावलेल्या असतात. एकट्याने नेमलेल्या कारागिरास पाळी कोण देणार? संस्थेचे एक संचालक आम्हांस म्हणाले, "पूर्ण पगार देतो, मग चोवीस तास का नको?" आम्ही त्यांस विचारले की, त्यांच्या बागेतील गड्यास ते चोवीस तास राबवितात काय? ते थोडे रागावलेच. पण करारात आठवड्याची सुट्टी, चतुर्थीसारख्या दिवसांसाठी निराळा मोबदला आणि मदतीस दुसरा माणूस, ही कलमे अखेर आली.

नवा कारागीर जानेवारीत आला, तोही हैदराबादचाच. मुलाखतीतच त्याने जुने वहीखाते पाहावयास मागितले. एक ओळही लिहिण्यापूर्वी तो गाडीने येथे आला आणि तीन पहाटे टोपल्या मोजतात तेथे चहाचा पेला घेऊन बसून राहिला. कळ्या किती निघतील याचा अंदाज बागायतदारांस आदल्या संध्याकाळीच असतो, हे त्यास तेथे कळले. पूर्वी ते कोणी विचारलेच नव्हते. आता तो आकडा संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाईलवरून भरला जातो आणि तितकी मागणी झाली की वेबसाइट आपणच नकार देते. अकरा तुकड्यांचे दोन झाले. क्लाउडचे मासिक बिल निम्म्याहून खाली आले.

पासवर्ड दोन बंद पाकिटांत ठेवले आहेत. एक संस्थेच्या तिजोरीत आहे. दुसरे चिटणीसांच्या आग्रहावरून आमच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशेजारी.