कानाझावा, हिरोकाझू

(३ मे १९३१–८ डिसेंबर २०१९). विख्यात जपानी कराटेपटू, प्रशिक्षक व संघटक. शोतोकान पद्धतीच्या कराटेचा जपानबाहेर, विशेषतः यूरोपात, प्रसार करणाऱ्या अग्रणी शिक्षकांत त्याची गणना होते. जपान कराटे संघाच्या पहिल्या दोन राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतील तो विजेता होय.

कानाझावाचा जन्म होन्शू बेटाच्या ईशान्य भागातील ईवाते प्रांतात झाला. प्रारंभी त्याने ज्यूदोचे शिक्षण घेतले व त्यात प्रावीण्य मिळविले. पुढे टोकिओमधील ताकुशोकू विद्यापीठात असताना तो कराटेकडे वळला. या विद्यापीठातील कराटे मंडळ कठोर सरावाबद्दल प्रसिद्ध होते. शोतोकान परंपरेतील प्रमुख शिक्षक मासातोशी नाकायामा (१९१३–८७) हाही तेथीलच विद्यार्थी होता. नाकायामाच्या मार्गदर्शनाखाली कानाझावा तयार झाला. वृद्धापकाळी पोहोचलेल्या गिचिन फुनाकोशीच्या (१८६८–१९५७) शिकवणुकीचा लाभही त्याला मिळाला. १९५६ मध्ये तो पदवीधर झाला.

कानाझावाच्या कारकीर्दीचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील कराटेची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. कराटे ही मूळची ओकिनावा बेटावरील निःशस्त्र स्वसंरक्षणाची कला. ती दीर्घकाळ गुप्तपणे, गुरूकडून निवडक शिष्याला दिली जात असे. फुनाकोशीने १९२२ मध्ये टोकिओत तिची प्रात्यक्षिके करून दाखविली आणि विद्यापीठांतून तिची मंडळे स्थापन होण्यास चालना दिली. या कलेच्या शिक्षणाची तीन अंगे आहेत : मूलभूत प्रहार, लाथा व बचाव यांचा अभ्यास म्हणजे ‘किहोन’, काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठराविक क्रमाने करावयाच्या हालचालींचे संच म्हणजे ‘काता’, आणि प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्याबरोबरचा सराव म्हणजे ‘कुमिते’. फुनाकोशीचा भर कातांवर होता. कराटेचे उद्दिष्ट प्रतिस्पर्ध्यावर मात करणे हे नसून स्वतःचे शील घडविणे हे आहे, अशी त्याची धारणा असल्यामुळे चढाओढीच्या सामन्यांविषयी तो साशंक होता. उलट, विद्यापीठांतील तरुण पिढीला ज्यूदो व तलवारबाजीप्रमाणे कराटेतही सामने हवे होते. नियमांच्या अभावी मंडळामंडळांतील झुंजी रक्तरंजित होत व त्यांत गंभीर दुखापती होत.

या पेचातून नाकायामा व त्याच्या सहकाऱ्यांनी मार्ग काढला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या जपान कराटे संघाने सामन्यांचे नियम तयार केले. प्रहार पूर्ण वेगाने करावयाचा, पण तो प्रतिस्पर्ध्याच्या शरीरापासून किंचित अंतरावर थांबवावयाचा, आणि प्रत्यक्षात निर्णायक ठरला असता असा एकच प्रहार सामना जिंकण्यास पुरेसा मानावयाचा, हे त्यांचे सार होय. खेळाडूचे सामर्थ्य प्रहाराच्या जोराइतकेच तो आवरण्याच्या संयमातही असते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. १९५६ मध्ये संघाने व्यावसायिक प्रशिक्षक तयार करणारा विशेष अभ्यासक्रमही सुरू केला. ताकायुकी मिकामी व कानाझावा हे या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील होत.

फुनाकोशी एप्रिल १९५७ मध्ये निधन पावला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकिओ येथे संघाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्पर्धेपूर्वी काही दिवस सरावात कानाझावाच्या एका हाताचे हाड मोडले व वैद्याने त्याला भाग घेण्यास मनाई केली. तो माघार घेण्याच्या विचारात होता. परंतु मुलाचा खेळ पाहण्यासाठी त्याची आई ईवातेहून मुद्दाम टोकिओस आलेली होती. एक हात निकामी झाला, तरी दुसरा हात आणि दोन्ही पाय शाबूत आहेत, असे तिने त्याला सुनावले, असा वृत्तान्त त्याने आपल्या आत्मचरित्रात दिला आहे. उरलेल्या हाताने बचाव करीत व लाथांवर भिस्त ठेवून तो एकामागून एक फेऱ्या जिंकत गेला आणि कुमितेचा पहिला अजिंक्यवीर ठरला. ही हकीकत पुढे जगभरच्या कराटेशाळांतून सांगितली जाऊ लागली.

पुढील वर्षीच्या (१९५८) स्पर्धेत कुमितेच्या अंतिम फेरीत कानाझावा व मिकामी समोरासमोर आले. एकाच वर्गात तयार झालेल्या या दोघांना परस्परांची प्रत्येक चाल परिचित होती. एका निर्णायक प्रहारावर निकाल अवलंबून असल्याने दोघेही प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहत राहिले. मुदत वाढवूनही निर्णय लागला नाही, तेव्हा दोघांना संयुक्त विजेते म्हणून घोषित करण्यात आले. त्याच स्पर्धेत कानाझावाने कातांचेही अजिंक्यपद मिळविले. यानंतर स्पर्धक म्हणून नव्हे, तर प्रशिक्षक म्हणूनच त्याचे कार्य मुख्यत्वे पुढे आले.

साठीच्या दशकारंभी संघाने आपले निवडक प्रशिक्षक परदेशी पाठविण्याचे धोरण स्वीकारले. त्यानुसार १९६१ मध्ये कानाझावा हवाई बेटांवर गेला. तेथे जपानी व ओकिनावी स्थलांतरितांची मोठी वस्ती असल्याने कराटे अगदीच अपरिचित नव्हते. तथापि पद्धतशीर अभ्यासक्रम, श्रेणीपरीक्षा व स्पर्धानियम यांची घडी बसविणे आवश्यक होते. १९६५ मध्ये ताइजी कासे, केइनोसुके एनोएदा व हिरोशी शिराई यांच्यासमवेत त्याने यूरोपात प्रात्यक्षिकांचा दौरा केला. या चौघांच्या दौऱ्यामुळे यूरोपातील शोतोकान कराटेला मोठी चालना मिळाली. शिराईने इटलीत, कासेने फ्रान्समध्ये, तर एनोएदाने इंग्लंडमध्ये दीर्घकाळ शिक्षण दिले. कानाझावाने प्रथम इंग्लंडमध्ये व नंतर जर्मनीमध्ये प्रशिक्षकाचे काम पाहिले. तोवर पुस्तके व अल्पकालीन शिबिरे यांच्या आधारे शिकणाऱ्या यूरोपीय विद्यार्थ्यांना नियमित व अधिकृत शिक्षण मिळू लागले. प्रत्येक हालचालीचे प्रयोजन जाणून घेण्याची त्यांना सवय होती. जपानमध्ये केवळ अनुकरणाने शिकविल्या जाणाऱ्या क्रियांची कारणमीमांसा करणे शिक्षकाला त्यामुळे भाग पडले. कानाझावाच्या पुढील अध्यापनात व लेखनात दिसणारे स्पष्टीकरणाचे कौशल्य या अनुभवाशी निगडित आहे.

जपानला परतल्यानंतर संघाच्या आंतरराष्ट्रीय कार्यात त्याने महत्त्वाची जबाबदारी सांभाळली. तथापि पुढे मतभेद होऊन तो संघातून बाहेर पडला व १९७८ मध्ये त्याने ‘शोतोकान कराटे-दो आंतरराष्ट्रीय महासंघा’ची स्थापना केली. या महासंघाच्या शाखा सर्व खंडांतून निघाल्या आणि १९८३ मध्ये टोकिओ येथे त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. नाकायामाच्या मृत्यूनंतर मूळ संघातही फूट पडली. शोतोकान परंपरेतील या विभाजनामुळे श्रेणी व नियम यांबाबत एकवाक्यता राहिली नाही, हे खरे. परंतु कानाझावाविषयीचा आदर गटांच्या सीमा ओलांडणारा होता. २००२ मध्ये त्याला दहावा ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्यातील सर्वोच्च श्रेणी, प्राप्त झाला.

प्रशिक्षक म्हणून त्याचे वैशिष्ट्य त्याने कठोरता व मृदुता यांचा घातलेला मेळ हे होय. तरुण वयातच त्याने यांग मिंग-शी या चिनी शिक्षकाकडून ‘ताइ ची’ या संथ, वर्तुळाकार हालचालींच्या चिनी व्यायामपद्धतीचा अभ्यास केला. स्नायू सतत ताणून धरल्यास वेग कमी होतो. शरीर सैल ठेवून प्रहाराच्या अखेरच्या क्षणीच ते आवळावे व श्वासाची त्याच्याशी सांगड घालावी, असे तो शिकवी. एकाच बाजूच्या सरावाने शरीराचा समतोल बिघडतो, म्हणून काता उलट दिशेनेही करण्याचा अभ्यास तो देई. उतारवयातही तो जगभर शिबिरे घेत असे. शोतोकान कातांवरील त्याचे सचित्र ग्रंथ प्रमाणभूत मानले जातात.

२०१९ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २०२१ मध्ये, टोकिओ ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून मात्र तो वगळण्यात आला. कराटे ही क्रीडा की आत्मसंस्काराची साधना, हा फुनाकोशीच्या काळापासूनचा वाद त्यामुळे मिटलेला नाही. स्पर्धेचे पहिले अजिंक्यपद मिळवूनही कानाझावाने स्पर्धेला शिक्षणातील केवळ एक टप्पा मानले आणि वार्धक्यापर्यंत चालणारा सराव हीच कराटेची खरी कसोटी होय, हे स्वतःच्या आचरणाने दाखवून दिले.