भुवया कोरण्याची मुभा

शोभना समर्थ, त्यांच्या मुली नूतन आणि तनुजा, आणि तनुजांची लेक काजोल. एकाच मराठी घरातल्या या बायकांचे फोटो ओळीनं मांडले, तर गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत भुवया कशा बदलत गेल्या ते सहज दिसतं. १९४३च्या ‘रामराज्य’मधली शोभनाबाईंची सीता पाहा. भुवया बारीक, कमानदार, पेन्सिलीनं रेखलेल्या. मार्लिन डीट्रिच आणि ग्रेटा गार्बो यांनी तिकडे हॉलिवूडमध्ये रुजवलेली ती चाल मुंबईच्या स्टुडिओंनी केव्हाच उचलली होती. देविकाराणीच्या भुवया तशाच, लीला चिटणीसांच्याही. नूतननं ‘सुजाता’ (१९५९) आणि ‘बंदिनी’ (१९६३) या चित्रपटांत रंगरंगोटी इतकी कमी ठेवली की चेहरा आपल्या घरातला वाटावा. आणि १९९३च्या ‘बाजीगर’मध्ये काजोल आली ती दाट, मधोमध जवळजवळ जुळलेल्या भुवया घेऊन. त्या कोरून घे असं तिला अनेकांनी सांगितलं. तिनं ऐकलं नाही. आजीच्या काळात एका नटीला हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

पडद्यावरचा हा बदल घराघरांत मात्र फार उशिरा पोचला, आणि वेगळ्या वाटेनं पोचला. आमच्या आजीच्या पिढीचा शृंगार म्हणजे मेणावर टेकलेलं कुंकू, घरी दिव्यावर धरलेलं काजळ आणि अंबाड्यात फूल. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब आणि दागिने घालण्याची रीत बघून बायका तसं नटत, पण तेवढंच. तसं पाटणवालांचं ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्याचं क्रीम १९१९पासून बाजारात होतं. लीला चिटणीस १९४१मध्ये ‘लक्स’च्या जाहिरातीत झळकल्या. १९५२मध्ये टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर जाणारं परकीय चलन वाचावं म्हणून नेहरूंनी जेआरडींना गळ घातली, असं त्यामागे सांगितलं जातं. त्याच १९५२ साली केशव पेंढरकरांनी परळमध्ये ‘विको’ उभी केली. १९७५च्या सुमाराला आलेली त्यांची हळदीची क्रीम प्रसाधन मानायची की आयुर्वेदिक औषध, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषधाच्या बाजूनं निकाल लागला. मध्यमवर्गीय मराठी घरांचा निकाल त्याआधीच लागला होता. लिपस्टिक दिसली की ‘काय हा नट्टापट्टा’ म्हणणाऱ्या घरात हळदीच्या क्रीमला कुणी आडकाठी केली नाही. ती औषध होती ना!

भुवयांना अशी काही सबब नव्हती. त्या कोरल्या की कोरलेल्या दिसतात. म्हणूनच असेल, त्यांच्याभोवती नियमांचं कुंपण घट्ट होतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं आयब्रो केल्या तर ‘आत्तापासून कशाला ही थेरं?’ शाळेत कुणी करून आलीच तर बाई वर्गात उभं करून विचारायच्या. आणि लग्न ठरलं रे ठरलं की तीच आई, तीच मावशी मुलीला हाताला धरून पार्लरमध्ये नेऊन बसवायची. इराणमध्ये दोऱ्यानं चेहऱ्यावरची लव काढण्याची फार जुनी रीत आहे. तिथंही एके काळी ती लग्नाच्या वेळीच पहिल्यांदा व्हायची, आणि कोरलेल्या भुवयांवरून बाई विवाहित की कुमारिका हे ओळखू यायचं. आपल्याकडे असं कुणी ठरवून लिहिलं नव्हतं, पण पाळलं मात्र काटेकोर.

हे कुंपण सैल केलं ते घरगुती पार्लरनं. मुंबईत चिनी बायकांची पार्लरं पूर्वीपासून होती, पण ती दक्षिण मुंबईतल्या पैसेवाल्यांसाठी. मी डोंबिवलीत वाढले. तिथं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक दोन-तीन इमारतींमागे तळमजल्यावर एक पाटी दिसू लागली: ‘फक्त महिलांसाठी’. आत एका खोलीचे पडदा लावून दोन भाग केलेले. अलीकडे मुलं अभ्यास करताहेत, गॅसवर कुकर. पलीकडे एक मोठा आरसा, मान मागे टेकता येईल अशी खुर्ची, पावडरचा डबा आणि दोऱ्याचं रीळ. काकू दोऱ्याचं एक टोक दातात धरायच्या, उरलेल्या दोऱ्याला दोन्ही हातांत पीळ द्यायच्या, आणि पीळ पुढेमागे सरकवत ओळीच्या ओळी केस उपटायच्या. ‘वरून ओढून धर गं, पापणी खाली दाब,’ म्हणून गिऱ्हाइकाचीच बोटं कामाला लावायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. मग कोरफडीचा गर, आणि दहा रुपयांच्या आत काम व्हायचं.

या काकूंचं महत्त्व आपण फार कमी लेखलं, असं माझं ठाम मत आहे. यंत्र नको, दुकानाचं भाडं नको, मोठं भांडवल नको. सहा महिन्यांचा कोर्स आणि एक रीळ. एवढ्यावर बाईच्या हातात स्वतःचा पैसा खुळखुळू लागला. आणि येणाऱ्या बायकांना आठवड्यातला अर्धा तास असा मिळाला की ज्यात सासू नव्हती, नवरा नव्हता, स्वयंपाक नव्हता. ‘आयब्रो करून येते’ हे घराबाहेर पडायला चालणारं कारण होतं. त्या पडद्यापलीकडे बायका किती बोलल्या असतील! कुणाच्या घरी काय चाललंय ते तिथं सगळ्यांत आधी कळायचं, आणि कुणाला मदत हवी असेल तर तीही तिथूनच निघायची.

१९९४मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय विश्वसुंदरी आणि जगत्‌सुंदरी झाल्या आणि पार्लरांना अक्षरशः रांगा लागल्या. त्या दशकात भुवया पुन्हा बारीक झाल्या, कधी कधी दोऱ्याइतक्या. एकच केस पुन्हा पुन्हा मुळातून उपटला की कालांतरानं तो यायचाच थांबू शकतो. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणी भुवयांच्या विरळ जागा पेन्सिलीनं भरतात ती त्या वेळची किंमत. दाट भुवयांची फॅशन आली तेव्हा त्यांच्याकडे केसच उरले नव्हते. आता मायक्रोब्लेडिंग करून त्वचेत रंगाच्या बारीक रेघा भरून घेतात, त्याचे हजारो रुपये पडतात.

चेहरा रंगवण्याचं काम मात्र, जिथं त्याला खरा पैसा आणि मान होता, तिथं बायकांना करूच दिलं जात नव्हतं. हिंदी चित्रसृष्टीत पंढरीदादा जुकरांसारखे मोठे रंगभूषाकार होऊन गेले, त्यांच्याविषयी आदरच आहे. पण मुंबईच्या रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियम असा होता की रंगभूषा पुरुषांनी करायची आणि बायकांनी फक्त केशभूषा. चारू खुराना यांनी तो नियम न्यायालयात नेला, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाविरोधी ठरवला. पाच-सहा दशकं चाललेली ही बंदी उठायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, याचा मला अजूनही राग येतो.

कोविडच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२०पासून राज्यात पार्लर उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा चालू करता येणाऱ्या मोजक्या सेवांत केस कापण्याबरोबर थ्रेडिंगचं नाव होतं. तोंडावर मास्क, दिसतात ते फक्त डोळे आणि भुवया. दोऱ्याचं टोक दातात धरता येईना म्हणून अनेकींनी ते गळ्याभोवती बांधून काम सुरू केलं.

मुलींवरची बंधनं सैल झाली. आज शाळकरी मुलगीही आईबरोबर जाऊन भुवया करून येते, आणि काजोलसारख्या तशाच ठेवल्या तरी कुणी हटकत नाही. पण एका बाईचं कुंपण अजून शाबूत आहे. मे २०२२मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं पतीनिधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसंच करावं, असं राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सांगितलं. ठराव झाले, तरी नवरा गेल्यावर पार्लरची पायरी चढणाऱ्या बाईला आजही ‘आता कुणासाठी?’ हे ऐकावंच लागतं. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल, तर पुढच्या वेळी पार्लरला निघताना तिला बरोबर घेऊन जा.